काढ्याचा पुरावा

लायडनच्या आमच्या ऑफिसात माणसं तीन आणि किस्से मात्र ढीगभर. काम एकच: फुप्फुसांच्या इन्फेक्शनवर चिनी काढा चालतो का, याचा पुरावा तपासायचा. सार्स नुकताच येऊन गेला होता, त्यामुळे चीनमधून पेपर धडाधड येत. बॉस हेंड्रिक, चिनी वाचणारी मेई आणि आकडे भरणारी मी, पुण्याची फार्मासिस्ट, नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे आलेली.

सासूबाईंना फोनवर हे सांगितलं, तर म्हणाल्या, "काढेच वाचायचे होते, तर आपल्या अडुळशानं काय घोडं मारलं होतं?"

* * *

एका पेपरात लिहिलेलं, पेशंटचे दोन गट, एक काढ्याचा आणि एक नेहमीच्या औषधांचा, चिठ्ठ्या टाकून केले. हेंड्रिकला शंका आली. मेईनं थेट त्या डॉक्टरांनाच फोन लावला.

"चिठ्ठ्या कोणी टाकल्या?"

"मीच! पण फार आजारी असेल त्याला मी काढ्याच्या गटात घालत नाही. जीव जाईल ना त्याचा!"

माणूस प्रामाणिक होता. पेपर बाद.

* * *

हेंड्रिकला स्वतःला महिनाभर खोकला. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, नेहमीचाच सल्ला दिला: पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा.

मी विचारलं, "याला पुरावा?"

"आहे ना," तो खोकत म्हणाला, "मी अजून जिवंत आहे!"

त्या ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो ते तेव्हाच शेवटचं.

* * *

त्याच हिवाळ्यात मेईच्या वडिलांना न्यूमोनिया झाला. गावच्या हॉस्पिटलात तोच काढा सुरू. भावाचा फोन आला: "तू दिवसभर हेच वाचतेस ना? नुसत्या काढ्यावर ठेवू, की मोठ्या शहरात हलवू?"

मेईनं हेंड्रिककडे पाहिलं.

"पुरावा अपुरा," तो म्हणाला.

"पेपरसाठी नाही विचारत मी. बाबांसाठी विचारतेय."

तो पुन्हा पेपर चाळू लागला. शेवटी मेईनं भावाला तेच सांगितलं: चालतो असं म्हणता येत नाही, चालत नाही असंही नाही.

"म्हणजे अपाय तर नाही ना!" भाऊ म्हणाला, आणि त्यानं वडिलांना तिथंच ठेवलं.

'पुरावा अपुरा' हे मी कितीदा टाईप केलं असेल. त्या दिवसापासून मला त्या शब्दांची चीड आहे.

शेवटचा श्वास घरात घ्यावा, अशी त्यांच्या गावची रीत. डॉक्टरांनी हात टेकल्यावर भावानं त्यांना घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मेईला विमानाचं तिकीटसुद्धा मिळालं नव्हतं.

* * *

उन्हाळ्यात मेईच्या गावच्या त्याच हॉस्पिटलचा पेपर आला. गेल्या हिवाळ्यातले पेशंट, सगळ्यांना काढा, मृत्यू एकही नाही! मेईनं फोन लावला आणि एकेक वाक्य आम्हाला इंग्रजीत सांगत गेली.

"खरंच कोणी गेलं नाही?"

"एकही नाही!"

"आणि जे अत्यवस्थ होते ते?"

"त्यांना नातेवाईक घरी घेऊन गेले. ते आम्ही 'घरी सोडले' यात धरलेत."

मेईनं आभार मानून फोन ठेवला. आकडे भरायचं काम माझं, पण त्या दिवशी हेंड्रिकच पेन घेऊन बसला होता. त्यानं हळूच विचारलं, "मृत्यू किती लिहू?"

"एक," मेई म्हणाली.