पट्टीला पाणी लागलं की मागे

आमच्या काकांना गावात सगळे काठीवाले म्हणत. ओहोटीला समुद्र मागे हटला की किनाऱ्यापासून समोरच्या बेटापर्यंत नुसता चिखल उरतो. त्या चिखलातून लोकांना चालवत पलीकडे नेणं हे काकांचं एकतीस वर्षांचं काम. पर्यटक मोठ्या हौसेने येतात आणि अर्ध्या वाटेत बूट रुतला की वाटाड्यावर डाफरतात, जणू चिखल त्यानेच कालवून ठेवलाय.

वाटेत मधोमध एक चर आहे. तो ओहोटीतही आटत नाही आणि भरतीचं पाणी सगळ्यात आधी तिथेच चढतं. चराशी आलं की काका सगळ्यांना थांबवत, एकटे पुढे होत आणि काठी तळाला टेकवत. काठीच्या टोकापासून अडीच फुटांवर एक पितळी पट्टी होती. परवाना देताना कचेरीनेच मोजून ठोकलेली. पट्टी कोरडी राहिली तर पुढे, पट्टीला पाणी लागलं की मागे. मग समोर कोणी का असेना. एकदा एका बड्या साहेबांनी आवाज चढवला, "मला ओळखत नाही का तुम्ही?" काका म्हणाले, "मी ओळखतो साहेब. पाणी ओळखत नाही."

मी त्याच कचेरीत तिकीटखिडकीवर बसते, त्यामुळे काकांबद्दलच्या सगळ्या तक्रारी आधी माझ्या कानावर येत. गेल्या वर्षभरात त्या फार वाढल्या होत्या. शेवटी बावीस जणांनी सह्या करून अर्ज दिला. काकांनी त्यांना चरापासून परत फिरवलं होतं, आणि मागून दहाच मिनिटांनी आलेला नवा वाटाड्या आपली आकडे लिहिलेली लोखंडी कांब टेकवून, माणसं घेऊन आरामात पलीकडे गेला होता. वर हात हलवत. कचेरीने लगेच नोटीस काढली. वाटाड्या वयामुळे घाबरतो, परवाना का रद्द करू नये, मंगळवारी येऊन सांगावं.

"घाबरतो म्हणे!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहासष्ट वर्षांचा माणूस, त्या चिखलाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. परवाना गेला असता तर ते खिडकीत बसून भरती-ओहोटी बघत संपले असते.

"काठी घेऊन जाऊ," मी म्हटलं. "पट्टी त्यांनीच ठोकलीय ना? मोजा म्हणावं. तोंडं बंद होतील सगळ्यांची."

"कशाला?" काका म्हणाले. "काठी काय खोटं बोलणार आहे?"

"म्हणूनच न्यायची."

मंगळवारी मीच काठी उचलली, मीच ती कचेरीच्या साहेबांच्या टेबलावर आडवी ठेवली आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मोजा."

कारकुनाने टेप लावली. पुन्हा लावली. मला वाटलं, याला मोजतासुद्धा येत नाही.

"दोन फूट तीन इंच," तो म्हणाला.

तीन इंच कमी. म्हणजे पाणी चार बोटं कमी असतानाच पट्टी भिजत होती.

काकांनीच काठी उचलली आणि खालच्या टोकावरून अंगठा फिरवला. टोक जुन्या चपलेच्या टाचेसारखं झिजून गोल झालं होतं. एकतीस वर्षं वाळूत, शिंपल्यांत टेकून टेकून दुसरं काय होणार? काका त्या काठीला तेल लावत, मुठीचं कापड दरवर्षी बदलत, पट्टी घासून लख्ख ठेवत. खालचं टोक कोणी बघितलंच नाही. मी लहानपणापासून ती काठी दाराआड बघत आलेय, मीही नाही.

साहेब नेमके त्या दिवशी चांगले वागले. "ही काही भित्रेपणाची चूक नाही," ते म्हणाले. "तुम्हाला नवी कांब देतो. परवाना चालू राहील." मला हायसं वाटलं. आम्ही जिंकलोच होतो.

काकांनी विचारलं, "साहेब, गेल्या दोन वर्षांत किती झिजली असेल?"

"दोन वर्षांत? फार तर केसभर," कारकून म्हणाला.

तेव्हा मला कळलं ते काय विचारताहेत.

दोन वर्षांपूर्वी काकू बेटावर बहिणीकडे गेली होती आणि तिथे अचानक आजारी पडली. वारा इतका की होड्या निघत नव्हत्या. ओहोटी लागताच काका, बॅग घेतलेल्या नर्सबाई आणि मी चालत निघालो. चराशी काकांनी काठी टेकवली. पाणी पट्टीच्या वर होतं. "जाऊ या हो," नर्सबाई म्हणाल्या. काका पलीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि आम्हाला घेऊन मागे फिरले. पुढच्या ओहोटीला पोचलो तेव्हा शेजारीपाजारी दाराबाहेर बसलेले होते. पाणी जास्त होतं, असं काका सगळ्यांना सांगत, आणि सगळे माना डोलवत. त्या एका वाक्यावर त्यांनी दोन वर्षं काढली होती.

"दोन बोटं होतं," काका म्हणाले.

साहेबांना काही समजलं नाही. "बरं, इथे सही करा," ते म्हणाले.

काकांनी सही केली नाही. परवाना, नवी कांब, सगळं टेबलावर तसंच ठेवून ते उठले. जिन्यात त्यांनी माझा दंड धरला. "तू होतीस ना गं तिथे? दोनच बोटं होतं ना पट्टीच्या वर?"

"मला नाही आठवत, काका."

मला स्वच्छ आठवत होतं. त्यांनाही ते कळलं असणार, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

परवाना गेला असता तर काकांनी जन्मभर कचेरीला शिव्या घातल्या असत्या. तेवढंही मी त्यांना ठेवलं नाही.