पुसलेलं नाटक

शेजारच्या भाऊंच्या बायकोचं नाटक मी पुसलं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

भाऊ खाणीतून निवृत्त झालेले. घुग्घुसला आमच्या घरांची एक भिंत सामाईक आहे. त्यांच्या हार्ड डिस्कवर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांची चित्रणं साठवलेली असतात आणि वायफायवरून ओळीतल्या पाचही घरांत दिसतात. टीव्ही अडकला की ते भिंतीवर थाप मारतात, "चालू हाय का गा?"

मोबाईल भरला म्हणून त्यात दिसणारं एक नाटक मी काढून टाकलं. वाटलं, माझ्यापुरतंच गेलं. गेलं डिस्कवरूनच, म्हणजे सगळ्यांचंच. त्यात त्यांची वारलेली बायको गात होती आणि दुसरी प्रत नव्हती.

मीच वर म्हणालो, "भाऊ, पुसायची सोयच बंद करा."

"कुलूप लावलं तं शेजारी काऊन म्हणाव?" ते हसले. "माह्याच हातून गेलं असंल. मले तरी कुठी समजते सारं!"

आता दर रविवारी ते मोटारसायकलवर पोंभुर्ण्याकडे जातात. ज्या गावात तो प्रयोग झाला, तिथे घरोघर विचारतात, कोणी मोबाईलवर काढला होता का. मागे मी बसलेला असतो. एका म्हातारीच्या नातीकडे दोन मिनिटांचा तुकडा निघाला. दिसत होती नुसती लोकांची डोकी.

"आवाज तं तिचाच हाय," म्हणत त्यांनी तो पाचही घरांना दिला.

उरलेलं सापडेपर्यंत मी जाणार आहे. पण "ते मी पुसलं" हे सांगायचं देणं मी त्यांचं अजून लागतो.