चार फळ्यांचं गणित

मंगळवारी सकाळी रिक्षात एक सागवानी तुळई घालून लाकडाच्या वखारीत गेले. चार फूट लांब, आठ इंच रुंद, चार इंच जाड. भवानी पेठेतलं एक जुनं दुकान पाडलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने ती हौसेने आणली होती… पुस्तकांच्या कपाटासाठी.

तिच्या कडेवर त्याने पट्टी धरून पेन्सिलीच्या तीन रेषा मारून ठेवल्या होत्या. एक-एक इंचाच्या चार फळ्या. चिरायला न्यायच्या आधीच तो गेला. त्याला आता दोन वर्षं झाली.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलींना भरतकाम शिकवत, करवत नाही. ती मी निवृत्तीनंतर हाती घेतली. पण एवढं जाड लाकूड घरी चिरणं माझ्या मनगटांना झेपणारं नाही, म्हणून वखार.

मशीनवरच्या मामांनी माझ्याकडे न बघता रिक्षावाल्याला विचारलं, "सायेब कुटं हायती? मापं त्यांनाच इचारतो की."

"साहेब वारले. मापं मला विचारा," मी म्हणाले. आवाज चढला होता… चढू दे. लाकूड माझं, कपाट माझं, आणि प्रश्न रिक्षावाल्याला?

मामांनी रेषांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "ह्यात इंची चार न्हाय निगत, अक्का. पातं बी लाकूड खातंय की. वर रंधा मारायचा. तीन काडा."

"ते गणिताचे शिक्षक होते!"

"असतील की. पातं कुटं शाळंत गेलंय?"

मला भयंकर राग आला. मामांचा नाही… ते बरोबर होते, त्याचा. चार काढल्या तर पातळ होऊन वाकल्या असत्या. पण तीन म्हणजे त्याच्या रेषा सोडून कापायचं. त्याच्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलं होतं.

मीही त्या रेषांवरून एकदा बोट फिरवलं. मामा थांबले, घाई केली नाही. मग मीच म्हणाले, "तीन काढा."

मशीन थांबल्यावर त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने फळ्यांच्या कडा पुसल्या आणि माझ्यासमोर धरल्या. प्रत्येक फळीच्या कडेवर पेन्सिलीची एक रेष… तिन्ही शाबूत.

त्याचं गणित बरोबर असतं, तर पातं नेमकं त्या रेषांवरूनच गेलं असतं. भुशात गेल्या असत्या तिन्ही.

आता घरी रंधा मारतेय. त्या कडांना मात्र हात लावणार नाही, कपाटात त्याच बाजू समोर येतील. संसारात त्याची एकही चूक मी बोलल्याशिवाय सोडली नाही… ही सोडते. चुकलास ते बरं झालं रे.