दादाच्या नावावरचं शेवटचं काम

बारामतीतलं आमचं दुकान ठिबक बसवायचं आणि दुरुस्तीचं. सगळ्यांनी मिळून काम करावं म्हणून मालकांनी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप टाकलं. तेव्हापासून पाइप कमी आणि किस्से जास्त जोडले गेलेत!

पहिल्याच दिवशी मोबाइलवर मीटिंग होती. मालक म्हणाले, "तात्या, स्क्रीन शेअर करा."

तात्या आमचे सगळ्यात जुने फिटर आणि साखर कारखान्याचे सभासद. ते एकदम तापले. "शेअर कुणाला देणार न्हाय! वडिलांपासनं चालत आलाय त्यो!"

माझा थोरला भाऊ, दादा, शेजारीच बसला होता. इतका हसला की त्याचा मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला.

* * *

मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे अ‍ॅपमधलं निम्मं मला कळायचं नाही. एकदा कन्हेरीला कामावर होतो. ऑफिसातल्या मॅडमचा मेसेज आला, "लोकेशन टाक."

मी टाकलं, "लिंबाखाली."

"कुठल्या लिंबाखाली?"

"सावली हाय त्या!"

* * *

मग दादा गेला. डाळजजवळ हायवेवर, गाडीवरून. त्याबद्दल मला अजून काही सांगता येत नाही.

दहाव्याच्या दिवशी विधी उरकून घरी आलो, तर अ‍ॅपमध्ये दादाच्या फोटोखाली लिहून आलं होतं, "हे सदस्य दहा दिवस दिसले नाहीत. आठवण करून द्यायची?" खाली हो आणि नको.

मी हो दाबलं. का दाबलं, काय माहीत!

कपाटात दादाचा मोबाइल वाजला, आई तो रोज चार्ज करून ठेवायची. आई धावत बाहेर आली. "कुणाचा फोन हाय रं?"



* * *

अ‍ॅपमध्ये एक नियम आहे. काम संपलं की 'झालं' दाबायचं. नावावर एकही काम उरलं नाही, की ते नावच यादीतून जातं.

दादाच्या नावावर चार कामं होती. तीन बाकीच्यांनी उरकली. कळंबच्या आबांच्या उसातल्या ठिबकचा फिल्टर तेवढा राहिला, आणि तो दादाच्याच नावावर ठेवून माझ्याकडे दिला. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो.

मॅडमनी विचारलं, "'झालं' का दाबत नाहीस?"

"रेंज न्हाय, मॅडम."

"अरे, तू माझ्यासमोर बसलायस!"

* * *

पण उसाला पाणी पाहिजे. शेवटी गाडी काढली आणि कळंबला गेलो. फिल्टर खोलला, गाळ काढला, जाळी बदलली. ठिबक चालू झालं.

निघताना आबांना म्हणालो, "आबा, काम झालं म्हणून ऑफिसला सांगू नका."

"का रं?"

मी सगळं सांगून टाकलं. यादी, नियम, दादाचं नाव. बोलता बोलता मलाच कळेना मी काय मागतोय. आबा दहाव्याला आले होते.   त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यासमोरच ऑफिसला लावला.

"मॅडम, कळंबवरनं बोलतोय. पोरगं आलतं, पर फिल्टर काय त्याला जमला न्हाय."

मागं सरीत पाणी टपटपत होतं.

"न्हाय, दुसरं कुणी पाठवू नका. ते काम ह्याच्या भावाच्या नावावर हाय न्हवं? ऱ्हाऊ द्या त्याच्याच नावावर. मला घाई न्हाय."