खालचा कप्पा

दोन दुकानांच्या मध्ये एकच भिंत होती, तरी सुताराला आपण खरे किती ओळखतो, असे कुणी विचारले असते तर शिंप्याला मान खाली घालावी लागली असती. पलीकडून रंध्याचा आवाज यायचा, दुपारी चहा व्हायचा. बाकी जे काही कळले ते वहिनींच्या तोंडून, म्हणजे सुताराच्या बायकोच्या.

सुतार ख्रिस्ताचा माणूस. पृथ्वीवर आपण चार दिवसांचे उतारू, खरे घर वर, हे तो नुसते बोलायचा नाही, तसा राहायचा. गल्लीभर लोकांची कपाटे त्याने केली, पण स्वतःच्या खोलीत एक फळीसुद्धा ठोकली नाही. कपडे ट्रंकेत. चर्चमधले बाक त्याच्याच हातचे, पण तो बसायचा दाराजवळच्या टोकाला, गाडी चुकू नये अशा बेताने.

"आपलं घर वर आहे गं," तो म्हणायचा.

"ते कळलं," वहिनी म्हणायच्या, "पण या धुतलेल्या चादरी तोवर कुठे ठेवू? डोक्यावर?"

शिंपी हसायचा. सुतारही हसायचा, पण कपाट काही करायचा नाही. वहिनींनी हे मागणे लग्न झाल्यापासून लावून धरले होते. मग त्या अंथरुणाला खिळल्या आणि त्यांनी मागणेच सोडले. ते मात्र सुताराच्या जिवाला लागले. गिऱ्हाइकांची कामे बाजूला सारून त्याने कपाट करायला घेतले. शिंप्याने एका बाजूने धरून ते खोलीत न्यायला हात दिला. पलंगावरून दिसेल असे ठेवले. सुताराने वहिनींच्या चादरी, साड्या एकेक करून लावल्या.

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. "खालचा कप्पा रिकामा का?"

"असू दे."

"तुमचे सदरे ठेवा की त्यात."

सुतार ट्रंकेकडे बघत म्हणाला, "उद्या ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गेल्या. कप्पा रिकामाच होता.

त्यानंतर पुष्कळ दिवस गेले. एकदा चहा घेताना सुतार आपणहून म्हणाला, "आपण इथले नाही, हे खरंच आहे हो. त्यात माझी चूक नाही झाली. पण वाटेवर देवानं सोबत दिली होती, आणि मी तिला सामानात धरलं." शिंपी सुईत दोरा ओवत राहिला. दोरा जाता जाईना.

पुढे सुताराने एक सदरा शिवायला टाकला. सदरा न्यायला तो आलाच नाही. शनिवारी त्याचे दुकान बंद राहिले, आणि लोकांनी खोलीचे दार ढकलले तेव्हा तो खुर्चीत बसल्या बसल्याच गेलेला होता. पायाशी ट्रंक उघडी, अर्धी रिकामी. सदरा अजून शिंप्याच्या फळीवर आहे.

आदल्याच दिवशी, शुक्रवारी, सुतार शिंप्याच्या दारात उभा राहून विचारत होता, "झाला का?"

"काजं राहिलीत. उद्या न्या. हँगरला लावू की घडी घालू?"

"घडीच घाला. खालचा कप्पा बुटका आहे."

"बरं."

"येतो मग."