झाडीतून बाहेर

माझे वडील वसईच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. व्याकरण इतकं पक्कं की बाकीचे मास्तर अडलं की त्यांच्याकडे यायचे. पण खऱ्या इंग्रज माणसाशी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती आली मी दहा-अकरा वर्षांची असताना, आईला मुदतीचा ताप आला तेव्हा.

आमचं घर वाडीच्या मधोमध होतं. केळी, सुपारी, नारळ. भर दुपारीसुद्धा ओटीवर ऊन पोचायचं नाही. मिशनच्या दवाखान्यातली गोरी नर्स रोज सायकलवरून यायची. चेहरा सदा गंभीर, आणि बोलणं भरभर, निम्मे शब्द गिळून. वडील "येस, मॅडम" म्हणत मान हलवायचे आणि ती गेल्यावर आत्याला सांगायचे, "पेज द्यायची, एवढं कळलं."

एका सकाळी आईला तपासून ती घाईत निघाली. सायकलवर बसता बसता म्हणाली, "शी इज आउट ऑफ द वुड्स, मास्तर."

वडील दारातच थिजले.

"काय म्हणाल्या बाई?" आत्याने विचारलं.

"हिला झाडीतून बाहेर काढा म्हणतात. म्हणजे इथं आता उपाय नाही. मुंबईला न्यायला हवं."

शेजारची बैलगाडी आली. पेंढा पसरला, वर गोधड्या घातल्या. आई क्षीण आवाजात म्हणत होती, "कुठं नेताय मला? आज बरं वाटतंय." कोणी ऐकलं नाही. मी तिचा हात धरून गाडीत बसले.

गाडी विहिरीपाशी वळली तोच नर्स दुसऱ्या घरून परत येताना दिसली. तिने सायकल आडवी घातली. "व्हेअर आर यू टेकिंग हर?"

वडील हात जोडून, पुस्तकात असतं तसं वाक्य बोलले, "ॲज यू हॅव ॲडव्हाइज्ड, मॅडम. आउट ऑफ द वुड्स."

तिने एकदा भोवतालच्या झाडांकडे पाहिलं. ती हसली नाही. वडिलांजवळ आली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "शी. विल. लिव्ह."

वडील तिथंच मातीत बसले आणि रडले. त्यांना रडताना मी प्रथमच पाहत होते. दुखणाईत धोक्यातून पार पडला की तिच्या देशात 'आउट ऑफ द वुड्स' म्हणतात, हे तिने त्यांना मग सावकाश सांगितलं.

आई उठून कामाला लागली, तरी नर्स येत राहिली. ती हळू बोलायला शिकली आणि वडील न लाजता "पुन्हा सांगा" म्हणायला शिकले. मराठी तिला पाचूबंदरच्या कोळणींनी शिकवलं होतं, त्यामुळे ती 'पानी' म्हणायची. वडिलांनी काही दिवस 'पाणी' घोटवून पाहिलं, मग नाद सोडला.

देश स्वतंत्र झाल्यावर दोनेक वर्षांनी ती मायदेशी निघाली. आईने तिच्या ओंजळीत सोनचाफा घातला.

"मी जाते," नर्स म्हणाली.

"जाते म्हणू नये, बाई. येते म्हणावं."

ती वडिलांकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "पण मास्तर, मी परत येणार नाही."

समजावून सांगायला वडिलांनी तोंड उघडलं. वाक्य काही जुळेना. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मग आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "बरं. येते."

त्या दिवशी वडील शाळेत गेले नाहीत.