कसर नव्हे, अळी

रोज सकाळी दुकान उघडलं, की रफूमावशी आलेला प्रत्येक लोकरी कपडा खिडकीपाशी उजेडात धरायची आणि भोकात करंगळी घालायची. कपडा कुणी खाल्लाय ते तिला बोटालाच कळायचं.

गिऱ्हाइकांच्या लेखी सगळी कसरच. "मावशी, कोटाला कसर लागली हो!"

"तिला कशाला बदनाम करता?" मावशी उखडायची. "कसर चंदेरी, खळीची भुकेली. सुती कापड वरवर खरवडते नि पळते. हे पतंगाच्या अळीचं काम. तिला लोकर लागते, तीही घामट. कॉलर, काख. खाते तिथंच जाळं करते. आणि मोठी होऊन पाखरू झाली, की खायला तोंडच उरत नाही तिला."

"आमच्या सासूबाईंचं अगदी उलटं," एका सुनेनं टोला हाणला होता.

मागच्या खोलीत धाकटी बहीण गिऱ्हाइकांचे कपडे धुवायची. मावशीची नजर अधू झाली, कामं रोडावली, त्या वर्षी धाकटीच एकेक कोट पुढे आणू लागली. "ताई, धुताना दिसलं. अळी." धुतल्यावर जाळं कुठलं राहायला? बहिणीच्या भरवशावर मावशी भोकात बोट न घालताच गिऱ्हाइकाला बिनदिक्कत सांगायची, अळी लागलीय. तिच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे.

मग मास्तरांचा कोट आला. भोक पाठीच्या मधोमध, जिथं ना घाम ना डाग. मावशीनं करंगळी घातली. कड गुळगुळीत.

"धाकटे, कात्री कुठाय?"

धाकटी पिळलेला सदरा पुन्हा पिळत राहिली. "काम नसलं की तू भिंतीकडे बघत बसतेस, ताई. मला नाही बघवत."

"याआधी किती कोट?"

"सात."

"सात वेळा माझ्या तोंडून खोटं वदवलंस. अळी निदान स्वतःच्या पोटासाठी खाते गं."

मावशी सातही दारांत स्वतः गेली. "भोक अळीनं नाही पाडलं, आमच्या घरातच पडलं," एवढंच बोलली. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. बहिणी त्याच दोन खोल्यांत राहिल्या, एका ताटात जेवल्या. भांडण असं झालंच नाही. फक्त धाकटीच्या हातचा प्रत्येक कपडा, स्वतःचं लुगडंसुद्धा, मावशी अंगाला लावण्याआधी खिडकीशी न्यायची.

शेवटच्या सकाळी ती अंथरुणातून उठू शकली नाही. धाकटीनं धुतलेली शाल आणली. "ताई, पांघरू का?"

मावशीनं खिडकीकडे मान वळवली.

"आधी उजेडात धर."